आळंदी ते पुणे, पॅकेजवाली एक दिवसाची वारी : १,२९९ रुपये नक्की कशाचे दिले?

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं मोठं वाचायचं नाहीये ते सुटतील. पॅकेजला पाचपैकी दीड, त्यातला एक पूर्ण स्टार बसच्या ड्रायव्हरकाकांचा. रस्त्याला पाचपैकी पाच.

तर गेली चार वर्षं मी आणि ऑफिसमधली मैत्रीण दर जूनमध्ये म्हणतो की यंदा माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पुणे चालायचंच आणि दरवर्षी नेमकं त्याच दिवशी कुणाचा तरी रिलीज नाहीतर कुणाचं तरी पोरगं आजारी. या वर्षी तिने मे मध्येच एक लिंक पाठवली, "एक दिवसाची वारी, सगळं आमच्यावर सोडा", आणि आम्ही सोडलं. माणशी १,२९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण रस्त्यात असे बरेच ग्रुप दिसले, टीशर्टचे रंग वेगळे पण कारभार साधारण एकच, त्यामुळे एकाला नावं ठेवून बाकीच्यांना फुकट सर्टिफिकेट कशाला द्या.

१,२९९ मध्ये काय काय तर एसी बस, नाष्टा, टीशर्ट, टोपी, कपाळाला गंध, "वारी एक्सपर्ट", दुपारचं जेवण, फोटोग्राफर, वॉशरूम सपोर्ट (हा शब्द लक्षात ठेवा) आणि शेवटी ई-सर्टिफिकेट. वाचताना भारी वाटतं. मला तर वाटलं स्वस्तात पडलं.

बस कोथरूडहून पहाटे साडेतीनची होती, ती आली चार वाजून दहा मिनिटांनी. ठीक आहे, त्या दिवशी अर्धं पुणे रस्त्यावर असतं, यावरून मी स्टार कापत नाही. पण बस आळंदीत जातच नाही हे बुकिंगच्या वेळी सांगायला काय झालं होतं? देहू फाट्याच्या अलीकडेच पोलिसांनी अडवली, आणि अडवणारच, पालखीच्या दिवशी गाड्या आत सोडत नाहीत हे पुण्यात शाळकरी पोराला पण माहिती असतं, फक्त कंपनीला नव्हतं. एक्सपर्ट म्हणे, "चला, वॉर्मअप होईल." ड्रायव्हरकाका मात्र खाली उतरले, टॉर्च घेऊन सगळ्या बायकांना डिव्हायडर ओलांडून दिला आणि म्हणाले, "उजव्या बाजूनं जा, डाव्या बाजूला चिखल आहे." अख्ख्या दिवसात पैसे दिलेल्या माणसाकडून मिळालेली उपयोगी माहिती एवढीच, म्हणून तो एक स्टार.

टीशर्ट पॉलिएस्टरचा. पाठीवर हाताएवढा विठोबा छापलेला, आणि ते छापलेलं जे असतं ना ते प्लास्टिकसारखं, त्यातून वारा जात नाही. जूनमधलं पुणे, पाऊस पडू की नको करत असलेला, सकाळी आठलाच पाठीला विठोबा चिकटला तो संध्याकाळपर्यंत सुटला नाही. साइझ फॉर्ममध्ये भरून घेतले होते पण वाटताना सगळे एक्सएल, मैत्रिणीचा तर गुडघ्यापर्यंत. नाष्टा म्हणजे डब्यातला उपमा, जो बहुतेक आदल्या रात्रीच डब्यात झोपला होता. खाल्ला, कारण पाच वाजलेले आणि भूक लागलेली. अर्ध्या तासाने आळंदीत एका मंडपात गरम गरम पोहे आणि चहा कुणीतरी हातात ठेवला, वर "अजून घ्या माऊली" म्हणून आग्रह. तेव्हा उपम्याचा जास्तच राग आला.

आता ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला संध्याकाळी देवळातून निघते पण त्या दिवशी आळंदी सोडत नाही, पहिला मुक्काम तिथेच आजोळघरी. खरं चालणं दुसऱ्या दिवशी, नवमीला पहाटे सुरू होतं आणि त्याच दिवशी तिकडून आकुर्डीहून तुकोबांची पालखी पण पुण्यात येते. म्हणजे एका दिवसात दोन्ही पालख्या शहरात. आम्हाला हे सगळं एक्सपर्ट सांगेल अशी अपेक्षा होती. एक्सपर्ट म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, कानात वायरलेस, हातात कंपनीचा झेंडा. मुलगा वाईट नव्हता, धावपळ करत होता बिचारा. पण त्याने माईकवर सांगितलं की माऊलींची पालखी ७०० वर्षांपूर्वीपासून अशीच चालू आहे, अशाच दिंड्या, असेच घोडे.

शेजारून एक धोतर-टोपीवाले काका चालले होते, खांद्याला पताका. ते थांबले. "७०० वर्षं चालणं आहे बाळा, पालखी नाही." आणि मग चालता चालता त्यांनी जे दहा मिनिटं सांगितलं ते पॅकेजमधलं सगळ्यात चांगलं सेशन, फक्त ते पॅकेजमध्ये नव्हतं. माऊलींनी समाधी घेतली १२९६ मध्ये आणि पंढरीची वारी तर त्यांच्याही आधीची. पालखी काढायची पद्धत तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केली, देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन माऊलींच्या घ्यायच्या आणि एकत्र जायचं. आळंदीची वेगळी पालखी एकोणिसाव्या शतकातली, ती हैबतरावबाबा आरफळकरांनी काढली. सातारा भागातले, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी चाकरी केलेले, म्हणून सगळा सोहळा लष्करी शिस्तीचा. कोणती दिंडी कुठे चालणार हे ठरलेलं, रथापुढे २७ आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीला नंबर, चोपदारांनी चोप वर केला की हजारो माणसं एका क्षणात गप्प. घोडे बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे येतात, एकावर स्वार आणि दुसरा मोकळा, कारण त्याच्यावर माऊली बसलेत. "मोकळा नाही म्हणायचा हां," काका म्हणाले आणि पताका सावरून पुढे निघून गेले. नाव विचारायचं राहिलं. एक्सपर्टने माईक बंद करून खिशात ठेवला तो दिघीपर्यंत काढला नाही.

थोरल्या पादुकांपाशी पालखीची पहिली आरती होते, तिथे प्रचंड गर्दी. आमचा ग्रुप तिथे थांबणार होता पण फोटोग्राफरला "मोकळी फ्रेम" हवी होती म्हणून पुढे काढलं, त्यामुळे आरती हुकली. मग मॅगझिन चौकाच्या आसपास, रस्ता जिथे जरा रुंद आहे, तिथे एक्सपर्टने सगळ्यांना गोल करायला लावलं आणि म्हणाला, चला आता फुगडी ॲक्टिव्हिटी. भर रस्त्यात. पन्नासेक माणसांचा गोल, मध्ये दोघी फुगडी घालतायत, वरून ड्रोन. आणि मागून दिंडी येतेय. खरी. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. ती दिंडी थांबली. आमच्यामुळे थांबली. त्यांच्यातले एक जण पुढे आले, मला वाटलं आता शिव्या बसणार आणि बसायलाच हव्या होत्या. ते हात जोडून म्हणाले, "माऊली, जरा वाट द्या, मागं वीणा उभी राहिलीय." एवढंच.

मी आणि मैत्रीण त्या गोलातून बाहेर पडलो ते परत ग्रुपमध्ये फारसं गेलोच नाही. टीशर्टवर टॉवेल पांघरून घेतला मी, उन्हाच्या नावाखाली.

हे जरा स्पष्ट लिहिते कारण पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी वाचावं. दिंडीच्या रांगा चालू असताना त्यात मधे घुसायचं नाही, आडवं पार करायचं नाही, सेल्फीसाठी विणेकऱ्यासमोर उभं राहायचं नाही. दिंडीबरोबर चालायचं तर कडेने किंवा मागे चाला, कोणी हाकलत नाही, उलट टाळ हातात देतात. आम्हाला हे कंपनीने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सूचनांच्या मेलमध्ये हॅशटॅग कोणता वापरायचा हे होतं.

आता बूट. हा भाग माझ्याच मूर्खपणाचा आहे, कंपनीला दोष नाही. माझे ट्रेकिंगचे चांगले महागातले बूट, दोन-तीन वर्षं माळ्यावर होते, मी म्हणलं वीस-बावीस किलोमीटर चालायचंय तर तेच घालू. कळसच्या जवळ उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला. आधी जीभ बाहेर काढल्यासारखा, मग शंभर पावलांत टाचेपर्यंत. फट्याक फट्याक असा आवाज करत मी चालतेय आणि शेजारून साध्या रबरी स्लिपर घातलेल्या साठी-सत्तरीच्या बायका मला ओव्हरटेक करतायत. नंतर एका ट्रेकरने सांगितलं की तसे सोल न वापरता पडून राहिले की आतून आपोआप भुसभुशीत होतात, तर ज्यांचे माळ्यावर आहेत त्यांनी आधी आठ दिवस घालून बघा. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये हे कोणी लिहीत नाही, सगळे पहिल्या दिवशीच पाच स्टार देऊन मोकळे.

एक्सपर्टला फोन लावला तर नेटवर्क जाम. (त्या दिवशी फोनच्या भरवशावर राहूच नका, भेटायची जागा आधीच ठरवा.) मग एका पोराने बोट दाखवलं, "ते बघा, तिथं चर्मकार काका बसलेत." रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून तीन जण बसलेले, मागे कापडी बोर्ड, वारकऱ्यांची पादत्राणे मोफत दुरुस्त करून मिळतील. पुढे चपलांची रांग लागलेली, तुटके अंगठे, निघालेले पट्टे. मी म्हणलं काका मी वारकरी नाही हो, पुण्याचीच आहे, पैसे घ्या. त्यांनी मान पण वर केली नाही, हात पुढे केला फक्त. बूट उलटा करून गुडघ्यात धरला, जुना गम रापीने खरवडला, नवा लावला, आणि मला म्हणाले, "गम काय टिकणार नाही, शिवतो." मग आरीने कडेकडेने भोकं पाडत जाड मेणाचा दोरा, एक टाका आतून एक बाहेरून, बोटांवर काळे घट्टे, प्रत्येक टाक्याला दोरा ओढून दातांखाली "हं" असा आवाज. पूर्ण गोल शिवला, टाचेपाशी दोन खिळे जास्तीचे. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. माझ्यामागे रांगेत एक आजोबा हातात एकच चप्पल घेऊन उभे, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, मी म्हणलं आधी त्यांचं करा. तर काका म्हणाले, "त्यांना अजून सावलीत बसायचंय, बसू द्या." पैसे ठेवायला गेले तर म्हणाले, वर्षभर घेतोच की. बास. तो बूट आजही तसाच आहे, शोरूमवाल्याला दाखवला तर म्हणाला मॅडम हे फॅक्टरीपेक्षा पक्कं आहे.

चालायला लागलो तेव्हा ग्रुप बराच पुढे गेलेला आणि आम्ही एका लातूरकडच्या दिंडीच्या मागे लागलो. त्यातल्या एक आजी, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यावर घडी घातलेला प्लास्टिकचा कागद, पायात काहीच नाही.

"कुठल्या गं तुमी?"
"पुण्याच्याच."
"मंग घरीच चाललाव की."

मला यावर उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी टीशर्टकडे बघून विचारलं हे सगळ्यांना सारखं कुणी दिलं, मी सांगितलं कंपनीने, बसने आणलं, नाष्टा दिला वगैरे.

"बशीला किती घेतले?"
"तेराशे."
"दोघीचे?"
"एकीचे."
"अन् कुठवर?"
"डेक्कनपर्यंत."

आजींनी मागे वळून दोन-तीन जणींना हे मोठ्याने सांगितलं आणि त्या सगळ्या अशा हसल्या की डोक्यावरचं गाठोडं एका हाताने धरावं लागलं. मग कळलं की त्यांची दिंडीची भिशी (म्हणजे वर्गणी) साडेतीन हजार आहे, पंढरपूरपर्यंत. त्यात दोन वेळचं जेवण, सामानाला ट्रक, पाण्याचा टँकर, रात्रीची राहुटी. अडीच-तीन आठवड्यांची सोय. वर कुणाचे पाय दुखले तर ट्रकमध्ये घेतात पण तसं बसायला कुणाला आवडत नाही म्हणे. आमच्या कंपनीवाल्यांनी एकदा एखाद्या दिंडीच्या मालकाकडे महिनाभर ट्रेनिंगला जावं, मी सिरियसली बोलतेय. शेकडो माणसांचा रोजचा स्वयंपाक आणि मुक्काम हलवणारी लोकं आहेत ती, आणि यांना पन्नास जणांची बस वेळेवर आणता येत नाही.

वॉशरूम सपोर्ट. बायकांनी हा भाग नक्की वाचा. सपोर्ट म्हणजे आमच्या एक्सपर्टने दाखवलेला एक पेट्रोल पंप, तिथे एक टॉयलेट, बाहेर साठ-सत्तर बायकांची रांग. वाटेत ठिकठिकाणी फिरती शौचालयं लावलेली असतात, ती सकाळी लवकर बरी असतात, दुपारनंतर पाण्याचा प्रश्न येतो. आमचं निभावलं विश्रांतवाडीत. एका सोसायटीच्या गेटवर कार्डबोर्डवर स्केचपेनने लिहिलेलं, "महिला वारकऱ्यांसाठी, तळमजला, फ्लॅट दोन." दार सताड उघडं. आत एक ताई नाइटगाऊनवर ओढणी घेऊन उभी, दारात बादली, मग, चार साबण, खुंटीला एकामागून एक कोरडे टॉवेल. हॉलमधली गादी, सोफा सगळं एका बाजूला सरकवून सतरंजी, त्यावर तीन आजीबाई पाय पसरून बसलेल्या आणि ताईंची सातवी-आठवीतली मुलगी त्यांच्या पायांना खोबरेल तेल चोळतेय, मोबाईलवर काहीतरी लावून, मधेमधे त्यांना दाखवत. मी विचारलं पहाटेपासून किती जणी आल्या, तर ताई म्हणाल्या, "मोजायचं नसतं हो." बाहेर पडताना चपला नीट लावून ठेवलेल्या, माझा शिवलेला बूट सुद्धा.

जेवण फुलेनगरच्या आसपास. कंपनीचं पाकीट आलं होतं म्हणे, आम्ही नव्हतो तर कुणी खाल्लं माहिती नाही. आम्ही एका मंडळाच्या मांडवात पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला. पण इथे एक गोष्ट खटकली आणि ती आमच्यासारख्यांबद्दलच आहे. रस्त्यावर टेम्पो लावून लोकं वाटत असतात, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, बामच्या डब्या. हे ज्यांना पुढे दोनशेहून जास्त किलोमीटर जायचंय त्यांच्यासाठी आहे. आणि संध्याकाळी घरी जाऊन एसीत झोपणारे एक दिवसवाले सॅक भरून घेत होते, आमच्या ग्रुपमधल्या एकाने तीन रेनकोट घेतले, वर म्हणतो क्वालिटी चांगली आहे. चहा घ्या, भूक लागली तर खा, कोणी नाही म्हणत नाही, पण रेनकोट? मी पण एक चिक्कीचं पाकीट घेतलेलं, ते नंतर लातूरच्या आजींच्या गाठोड्यात टाकलं, आता यात मोठेपणा काही नाही, लाज वाटली म्हणून. आणि केळीची सालं खाली टाकू नका यार. शेकडो माणसं अनवाणी असतात, माझ्या डोळ्यांसमोर एक टाळकरी घसरला. एक मोठी पिशवी खिशात न्या, स्वतःचा आणि शेजारच्याचा कचरा त्यात टाका.

आता मुख्य तक्रार. "पुण्यात पालखीसोबत प्रवेश" असं जाहिरातीत ठळक लिहिलेलं आहे. पॅकेज संपलं कुठे तर संगमवाडीत. साडेतीनला मेसेज आला, सर्वांनी बसपाशी यावे, पुढे रस्ते बंद असल्याने टूर इथे पूर्ण होत आहे. अरे, नदीच्या अलीकडे सोडताय तुम्ही! पूल ओलांडला की पुणं, आणि सगळी मजा तिथून पुढे आहे. पन्नासपैकी चाळीस जण बसमध्ये बसून परत गेले, खरंच. आम्ही दोघी नाही गेलो.

पूल ओलांडून पाटील इस्टेटपाशी आलो तर तिकडून मुंबई रस्त्याने तुकोबांच्या दिंड्या येत होत्या. दोन बाजूंनी दोन नद्या यायच्या तशी माणसं, दोन्हीकडून टाळ, आणि गंमत म्हणजे दोन्हींचा ठेका वेगळा, काही मिनिटं सगळं गोंधळल्यासारखं वाटतं आणि मग "ज्ञानोबा माऊली तुकाराम" वर सगळे एका तालावर येतात. मी आयुष्यभर या चौकातून टू-व्हीलरवर हॉर्न मारत गेलेय. तिथे भर रस्त्यात मधोमध चालताना, वरती फ्लायओव्हरवर लोकं वाकून बघतायत आणि सिग्नल रिकाम्या रस्त्याला लाल-हिरवे होतायत, हे मला कधी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

फर्ग्युसन रोडवर दोन्ही फुटपाथ भरलेले, रांगोळ्या, दुकानांच्या पायऱ्यांवर नऊवारीतल्या बायका आरतीची ताटं घेऊन. तुकोबांचा रथ आधी गेला, माऊलींचा यायला उशीर होता. आमचे पाय संपलेले, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. कॉलेजची पोरं वारकऱ्यांचे पाय दाबून देत होती, आम्हाला पण विचारलं, आम्ही नको म्हणलं. अंधार पडता पडता आधी घोडे आले आणि गर्दी आपोआप मागे सरली, लहान मुलं सुद्धा. मग पुढच्या दिंड्या, एक दोन तीन, मोजता मोजता विसरले, आणि मग बैलांचा चांदीचा रथ. पादुका दिसतात कसल्या, फुलांचा डोंगर दिसतो आणि वर हलणारी चवरी. साधारण सात-आठ सेकंद समोर होता. शेजारच्या पायरीवरचा दुकानदार, जो तासभर फोनवर कुणाशी तरी मालाच्या पेमेंटवरून भांडत होता, त्याने फोन कट न करता खिशात टाकला आणि हात जोडले, खिशातून "हॅलो, हॅलो" चालूच.

लकडी पुलापर्यंत मागे मागे गेलो, अलका टॉकीजच्या चौकातून पालखी लक्ष्मी रोडला वळली, पुढे माऊली भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन रात्री मुक्काम. आमच्याच्याने तिथवर जाणं शक्य नव्हतं. फोनमध्ये ३६ हजार पावलं आणि २४ किलोमीटर. आजींची दिंडी परत दिसली नाही. त्यांना एकादशीला दिवे घाट चढायचा होता, तोही उपासाच्या दिवशी.

तर प्रॅक्टिकल भाग. पॅकेज घेऊ नका. रात्रीच्या पीएमपीने आळंदीला जा, पालखीच्या दिवशी जादा बसेस असतात, नाहीतर कुणाला तरी देहू फाट्यापर्यंत सोडायला सांगा. पहाटे पालखीच्या आधी निघालात तर रस्ता मोकळा मिळतो, रथाच्या जवळ चालायचा हट्ट केला तर दिवसभर ढकलाढकली, त्यापेक्षा पुढे राहा आणि दिघीला किंवा संध्याकाळी फर्ग्युसन रोडला दर्शन घ्या. सुती कपडे, टोपी, रोजच्या वापरातल्या चपला, एक रिकामी बाटली, ती भरून द्यायला दर शंभर पावलांवर कोणीतरी उभा असतो. परत यायला डेक्कनवरून मेट्रो, रिक्षाची वाट बघत बसू नका. लहान मुलांना आणायचं तर खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

कंपनीला मी मेल लिहिला, बस, नाष्टा, फुगडी आणि संगमवाडी, सगळं मुद्देसूद. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे, सोबत पुढच्या वर्षीसाठी दहा टक्के सवलतीचं कूपन. ई-सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय. फोटोंची लिंक दोन आठवड्यांनी आली, साडेपाचशे फोटो, त्यातले निम्मे कंपनीच्या झेंड्याचे आणि बाकीचे फुगडीचे ड्रोनवरून. आमचा एकच सापडला, तोही चुकून आलेला. मी पोत्याच्या कडेला एका पायात मोजा घालून बसलेय, मैत्रीण माझी सॅक धरून उभी, आणि पुढे खाली मान घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यात माझा बूट. मान खाली असल्यामुळे चेहरा दिसत नाही, आरी दिसते. तेवढा डाउनलोड केला.

कूपन कोणाला हवं असेल तर घेऊन टाका, मी वापरणार नाहीये.